घुं घुं कुठे गेलं?

कान इकडे करा. ऐकू येतं का?

घुंऽऽ घुंऽऽ घुंऽऽ.

हे आहे पमाकाकूचं दुकान. दुकानात टेबल. टेबलाखाली कॉम्प्युटरचा मोठा डबा. डब्यात आहे पंखा. पंखा फिरतो गरगर आणि गातो, घुंऽऽ घुंऽऽ.

डब्याच्या मागे राहते इटुकली. इटुकली म्हणजे उंदराचं पिल्लू. एवढंसं नाक. एवढीशी शेपटी. पंख्याचा गरम गरम वारा तिच्या पाठीवर येतो. फुस्स. फुस्स.

इटुकलीला अंथरूण आहे बरं का! आईने एक वात आणली. लांबच लांब वात. पांढरी वात. मऊ मऊ वात. आईने ती गोल गोल गुंडाळली. झालं अंथरूण! त्याला आईचा वास येतो.

आईने वात कुठून आणली? ते मागाहून कळेल. आईने कुणाला विचारलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

बाजारात दुकानंच दुकानं. सगळ्या दारांखाली सारख्याच फटी. आणि उंदरांना कुठे पाट्या वाचता येतात? म्हणून आई कानांनी घर ओळखते.

गिरणी म्हणते, भक् भक् भक्.

शिंप्याचं मशीन म्हणतं, खट् खट् खट्.

आणि इटुकलीचं घर म्हणतं, घुंऽऽ घुंऽऽ घुंऽऽ.

सकाळी आई म्हणाली, "मी दाणा आणायला जाते हं. तू फटीबाहेर पाय टाकायचा नाही."

"आणि तू हरवलीस तर?"

"हरवेन कशी? घुंऽऽ घुंऽऽ ऐकत ऐकत येईन."

आईने इटुकलीचं नाक चाटलं. आणि आई गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

त्या दिवशी होता दसरा. पमाकाकूने दुकानात पूजा मांडली. एक पाट ठेवला. पाटावर कात्री. पाटावर पट्टी. पाटावर पेचकस. सगळ्यांना हळदीकुंकू. सगळ्यांना झेंडूचं फूल. समोर उंच समई.

पूजा झालेल्या वस्तूंना आज सुट्टी. संध्याकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. कॉम्प्युटरचीही पूजा झाली. पण त्याला मात्र सुट्टी नाही. का? त्याच्यावर देवीची गाणी लावली होती ना! काकूचे नियम काकूलाच ठाऊक.

मग काकूने मूठभर अक्षता घेतल्या. अक्षता म्हणजे कुंकवाचे लाल लाल तांदूळ. पाटावर टाकल्या, भुर्रर्र. कॉम्प्युटरच्या डब्यावर टाकल्या, भुर्रर्र.

एक दाणा गेला टुपकन. कुठे गेला? कुणी पाहिलंच नाही.

काकूने हात जोडले. डोळे मिटले. आणि...

खट् खट् खर्रर्र! खट् खट् खर्रर्र!

"अगं बाई!" काकू म्हणाली. "ह्याला काय झालं?"

काकूने डब्याला चापट मारली. धप्प!

खट् खट् खर्रर्र!

काकूने डब्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली.

खट् खट् खर्रर्र!

शेजारचे दस्तगीरमामा शिंपी दारातून डोकावले. "काय काकू, शिवणाचं मशीन आणलं काय?"

"छे हो मामा. कॉम्प्युटर आहे. म्हातारा झाला बिचारा. घसा बसला त्याचा."

मामा हसले आणि गेले. काकू स्टुलावर जाऊन बसली.

डब्यामागे इटुकली कान टवकारून बसली. घुं घुं नाही. नुसतंच खट् खट्. नुसतंच खर्रर्र.

इतक्यात फटीबाहेर आवाज आला. तुरुतुरु तुरुतुरु.

आई!

तुरुतुरु थांबलं. आईने कान दिला. खट् खट् खर्रर्र.

"हे नव्हे आपलं घर," आई म्हणाली. "हे तर शिंप्याचं दुकान."

"आई! आई!" इटुकली ओरडली. पण एवढासा आवाज. खट् खट् खर्रर्रमध्ये तो कुणाला ऐकू जाणार?

तुरुतुरु दूर गेलं. मग ऐकूच येईना.

इटुकलीला आईची फार फार आठवण आली. ती फटीपाशी गेली. पण फटीबाहेर पाय टाकायचा नव्हता ना! म्हणून ती मागे फिरली.

टुणुक टुणुक टुणुक. इटुकली गेली पंख्याकडे.

"पंखेदादा, पंखेदादा, गा ना!"

पंखा म्हणाला, "मी कसा गाऊ? पोटात काहीतरी अडकलंय. खट् खट् टोचतंय. झाकण उघडलं तर निघेल. निघालं तर गाईन."

टुणुक टुणुक टुणुक. इटुकली गेली झाकणाकडे.

"झाकणबाई, झाकणबाई, उघडा ना!
पंखा गाईना,
आईला घर सापडेना."

झाकण म्हणालं, "मी का उघडू? स्क्रू सुटला तर उघडेन."

टुणुक टुणुक टुणुक. इटुकली गेली स्क्रूकडे.

"स्क्रूभाऊ, स्क्रूभाऊ, सुटा ना!
झाकण उघडेना,
पंखा गाईना,
आईला घर सापडेना."

स्क्रू म्हणाला, "मी का सुटू? पेचकस फिरला तर सुटेन."

टुणुक टुणुक टुणुक. इटुकली गेली पेचकसाकडे. पेचकस कुठे होता? पाटावर! कपाळाला कुंकू. डोक्यावर झेंडू. आज काय त्याची ऐट!

"पेचकसराव, पेचकसराव, फिरा ना!
स्क्रू सुटेना,
झाकण उघडेना,
पंखा गाईना,
आईला घर सापडेना."

पेचकस म्हणाला, "मी का फिरू? आज माझा मान आहे. पाट हलला तर फिरेन."

टुणुक टुणुक टुणुक. इटुकली आली पाटाच्या पायापाशी.

"पाटबुवा, पाटबुवा, हला ना!
पेचकस फिरेना,
स्क्रू सुटेना,
झाकण उघडेना,
पंखा गाईना,
आईला घर सापडेना."

पाट म्हणाला, "मी का हलू? अक्षता पडल्या तर हलेन. आधी अक्षता, मग हलायचं. रीतच आहे तशी."

टुणुक टुणुक टुणुक. इटुकली गेली अक्षतांकडे. वाटीत उरलेल्या अक्षता दाटीवाटीने बसल्या होत्या.

"अक्षतांनो, अक्षतांनो, पडा ना!
पाट हलेना,
पेचकस फिरेना,
स्क्रू सुटेना,
झाकण उघडेना,
पंखा गाईना,
आईला घर सापडेना."

अक्षता म्हणाल्या, "आम्ही का पडू? काकू उठली तर पडू."

आता काकू म्हणजे केवढी मोठी! आणि इटुकली केवढी! तरी ती गेली. टुणुक... टुणुक... टुणुक.

"अगं बाई, उंदीर!" काकूने दोन्ही पाय स्टुलावर घेतले.

इटुकली पळाली नाही. तिने काकूकडे पाहिलं.

"काकू, काकू, उठा ना!
अक्षता पडेनात,
पाट हलेना,
पेचकस फिरेना,
स्क्रू सुटेना,
झाकण उघडेना,
पंखा गाईना,
आईला घर सापडेना."

काकूने हळूच एक पाय खाली ठेवला. मग दुसरा ठेवला.

"आई हरवली होय गं तुझी?" काकू म्हणाली. "पण बाळा, मी कशी उठू? समई विझलीय. दिव्याशिवाय पाट हलवतात का कुठे? समई उजळली तर उठेन."

टुणुक टुणुक टुणुक. इटुकली गेली समईकडे. समई होती उंच उंच. इटुकलीने मान वर केली, आणखी वर केली.

"समईमावशी, समईमावशी, उजळ ना!
काकू उठेना,
अक्षता पडेनात,
पाट हलेना,
पेचकस फिरेना,
स्क्रू सुटेना,
झाकण उघडेना,
पंखा गाईना,
आईला घर सापडेना."

समई म्हणाली, "मी का उजळू? वात आली तर उजळेन."

"आणि वात कुठे आहे?"

"काय सांगू बाई! काकूने काल दोन वाती ठेवल्या. एक सकाळी जळून गेली. दुसरी रात्रीच कुणी नेली."

"कशी होती?"

"लांबच लांब. पांढरी. मऊ मऊ."

इटुकलीने डब्याकडे वळून पाहिलं.

लांबच लांब. पांढरी. मऊ मऊ. ही वात कुणाकडे होती, ते तुम्हाला ठाऊक आहे ना? इटुकलीलाही ठाऊक होतं.

टुणुक... टुणुक... इटुकली गेली आपल्या अंथरुणाकडे.

"वाती, वाती, ये ना!
समई उजळेना,
काकू उठेना,
अक्षता पडेनात,
पाट हलेना,
पेचकस फिरेना,
स्क्रू सुटेना,
झाकण उघडेना,
पंखा गाईना,
आईला घर सापडेना."

वात म्हणाली, "मी का येऊ? इटुकलीने दिली तर येईन."

इटुकली वातीवर जाऊन बसली. गोल गोल, मऊ मऊ. तिने वातीत नाक खुपसलं. आईचा वास आला. इटुकलीने आणखी नाक खुपसलं.

वात दिली तर अंथरूण जाणार. अंथरूण गेलं तर आईचा वासही जाणार. मग इटुकलीकडे काय उरणार? काहीच नाही.

"नाही देणार," इटुकली म्हणाली.

झालं! आता हो काय?

इटुकली देईना,
वात येईना,
समई उजळेना,
काकू उठेना,
अक्षता पडेनात,
पाट हलेना,
पेचकस फिरेना,
स्क्रू सुटेना,
झाकण उघडेना,
पंखा गाईना,
आईला घर सापडेना.

खट् खट् खर्रर्र. खट् खट् खर्रर्र.

आणि फटीबाहेर, दूर, अगदी दूर... तुरुतुरु. तुरुतुरु. आई गिरणीपाशी गेली. भक् भक् भक्. नाही, हे घर नव्हे. आई शिंप्यापाशी गेली. खट् खट् खट्. नाही, हेही नव्हे. आई दमली होती. तिचं तुरुतुरु हळू हळू झालं होतं.

इटुकलीने ते ऐकलं.

वातीला आईचा वास होता. पण वात काही आई नव्हती. वात नाक चाटत नाही. वात "इटुकले" म्हणून हाक मारत नाही.

इटुकली उठली. तिने वातीचं टोक दातांत धरलं. आणि ओढलं. गोल गोल सुटलं. लांबच लांब झालं. सर्र सर्र सर्र, इटुकली वात ओढत निघाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तरी ती ओढत होती.

सर्र सर्र सर्र. वात समईपाशी आली.

"अगं! ही तर माझीच वात!" काकू म्हणाली. "सगळं दुकान पालथं घातलं मी हिच्यासाठी. कुठे मिळाली गं तुला?"

इटुकली खाली बघत म्हणाली, "हे माझं अंथरूण होतं."

काकूने इटुकलीकडे पाहिलं. डब्यामागे वाकून रिकामी जागा पाहिली. मग तिने वात उचलली. समईत ठेवली. तेल घातलं. बसल्या बसल्या काडी ओढली. फर्र!

इटुकलीने वात दिली.
वात आली, समई उजळली.
समई उजळली, काकू उठली.
काकू उठली, अक्षता पडल्या. भुर्रर्र!
अक्षता पडल्या, पाट हलला. सर्रक्!
पाट हलला, पेचकस फिरला. कुर्र कुर्र कुर्र!

थांबा, थांबा! आधी काकूने कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. चालू डब्यात हात घालायचा नसतो. मग पेचकस फिरला. कुर्र कुर्र कुर्र!

पेचकस फिरला, स्क्रू सुटला. टण्ण!
स्क्रू सुटला, झाकण उघडलं. खडाक्!

काकूने आत डोकावून पाहिलं. पंखा स्वस्थ उभा होता. काकूने एका बोटाने पातं ढकललं. पातं थोडं फिरलं आणि अडलं. टिक्!

"हं! इथे आहे काहीतरी," काकू म्हणाली.

तिने चष्मा लावला. वाकून पाहिलं. पात्याच्या बाजूला, जाळीच्या कोपऱ्यात, एवढंसं काहीतरी लाल लाल अडकलं होतं.

काय होतं? तुम्हीच सांगा. हो! अक्षतेचा दाणा!

"अगं बाई!" काकूने कपाळावर हात मारला. "हा तर मीच टाकलेला! आणि मी बिचाऱ्या कॉम्प्युटरला म्हातारा म्हणत होते! वर चापटही मारली."

तिने चिमटीत दाणा धरला आणि काढला. पंख्यावरची धूळ फुंकली, फूऽऽ. पुठ्ठ्याची घडीही काढून टाकली. लाल दाणा इटुकलीपुढे ठेवला.

"घे. हा तुझा."

पण इटुकलीने दाण्याकडे पाहिलंच नाही. ती पंख्याकडे बघत होती.

झाकण लागलं. स्क्रू बसला. दुकान गप्प. खट् खट् नाही. खर्रर्र नाही. घुं घुंही नाही. कधी नव्हे इतकं दुकान गप्प झालं. इटुकलीला फार भीती वाटली. पंखा गाणं विसरला असेल का?

काकूने बटण दाबलं. टिक्.

आणि मग, हळूच...

घुंऽऽ.

घुंऽऽ घुंऽऽ.

घुंऽऽ घुंऽऽ घुंऽऽ.

पंखा गायला!

दस्तगीरमामा दारातून डोकावले. "काय काकू, मशीन विकलं काय?"

"विकलं नाही मामा. त्याला तांदूळ भरवला होता मीच, तो काढला," काकू म्हणाली. मामा हसत हसत गेले.

इटुकली डब्याच्या मागे गेली. तिथे अंथरूण नव्हतं. नुसती फरशी. इटुकली फरशीवर बसली. पंख्याचा गरम गरम वारा आला. फुस्स. फुस्स. इटुकलीने लाल दाणा पुढ्यात ठेवला. पण खाल्ला नाही. आईला अर्धा द्यायचा होता.

घुंऽऽ घुंऽऽ. इटुकली वाट बघते.

घुंऽऽ घुंऽऽ. भक् भक् थांबलं. गिरणी बंद झाली.

घुंऽऽ घुंऽऽ. खट् खट् थांबलं. मामा घरी गेले.

घुंऽऽ घुंऽऽ. आई काही आली नाही.

काकूही घरी निघाली. कॉम्प्युटर बंद करायला तिने हात पुढे केला. मग तिला डब्यामागे दोन एवढेसे कान दिसले. काकूने हात मागे घेतला.

"असू दे आजच्या दिवस चालू," ती म्हणाली. आणि दार ओढून हळूच गेली.

घुंऽऽ घुंऽऽ. घुंऽऽ घुंऽऽ.

"आई," इटुकली हळूच म्हणाली. आता खट् खट् नव्हतं. आता एवढासा आवाजही ऐकू जात होता.

आणि दूर... अगदी दूर...

तुरुतुरु.

ऐकलंत?

तुरुतुरु तुरुतुरु.

जवळ आलं. आणखी जवळ आलं. फटीपाशी आलं. थांबलं.

आईने कान दिला. घुंऽऽ घुंऽऽ घुंऽऽ.

"हेच!" आई म्हणाली. "हेच माझं घर!"

फटीतून आलं नाक. फटीतून आल्या मिशा. फटीतून आली सगळीच्या सगळी आई!

आईला घर सापडलं.

"इटुकले! मी सगळा बाजार फिरले गं. भक् भक् ऐकलं. खट् खट् ऐकलं. घुं घुं कुठेच नव्हतं. मला वाटलं, आता माझी इटुकली मला दिसायचीच नाही."

आईने इटुकलीचं नाक चाटलं. मग कान चाटले. मग पुन्हा नाक चाटलं.

"आणि मी दाणा आणायला गेले होते," आई म्हणाली. "तो आणायचाच राहिला."

"माझ्याकडे आहे," इटुकली म्हणाली. आणि तिने लाल दाणा पुढे केला.

कुटुम कुटुम. अर्धा आईने खाल्ला. कुटुम कुटुम. अर्धा इटुकलीने खाल्ला.

मग आईने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. "अगं, वात कुठे गेली? आता झोपणार कशावर?"

"ती मी दिली," इटुकली म्हणाली. "तू यावीस म्हणून."

मग आई खाली बसली. तिने पाठ वाकवली. शेपटी वळवली. आई गोल गोल झाली. लांबच लांब आई. मऊ मऊ आई. आणि मधोमध इटुकली.

आईला आईचाच वास येत होता.

घुंऽऽ घुंऽऽ, पंखा गातो.

इटुकली निजली. आई निजली. समईही शांत झाली.

पंखा जागा आहे. तुम्ही मिटा डोळे.

घुंऽऽ... घुंऽऽ... घुंऽऽ...